जपानी सुरी : पारख, वापर आणि निगा

स्वयंपाकघरातील ज्या वस्तूला दिवसातून अनेकदा हात लागतो, तिची खरेदी बहुधा सर्वांत कमी विचाराने होते. सोने घेताना कस पाहणारे, कापड घेताना पोत चाचपणारे आणि धान्य घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहणारे कुटुंब सुरी मात्र जाता जाता उचलते. धार गेली की ती खणात मागे सरकते आणि नवी येते. अशा पाच-सहा बोथट सुऱ्या आज कोणत्याही घरात सापडतील.

अलीकडे या खणात जपानी सुरीची भर पडू लागली आहे. कोणी परदेश प्रवासातून आणतो, कोणाला लग्नात वा गृहप्रवेशाला भेट मिळते, कोणी मोठ्या शहरातील दुकानातून घेतो. पहिल्या दिवशी टोमॅटोची कागदासारखी पातळ चकती पडते आणि सारे घर कौतुक करते. काही महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. धारेचा टवका उडाला, पात्यावर तांबूस ठिपके आले, टोक वाकले. एवढे पैसे मोजून फसगत झाली, असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा माल अस्सल असतो, पण त्या घराच्या वापराशी तो जुळलेला नसतो. जपानी सुरीची किंमत मोजताना ग्राहक विकत घेतो ती धार टिकवून धरण्याची पोलादाची क्षमता. प्रत्यक्ष धार राखण्याचे काम घराकडेच राहते. म्हणून ज्या घरात जितकी निगा होऊ शकेल, तितक्याच कठीण पोलादाची सुरी घ्यावी. खरेदीचा सारा विचार या एका सूत्राभोवती करता येतो.

चार गावांची परंपरा

जपानमध्ये सुऱ्यांचा व्यवसाय काही ठरावीक ठिकाणी एकवटलेला आहे. गिफू प्रांतातील सेकी हे मूळचे तलवारी घडविणाऱ्यांचे गाव. १८७६ साली मेइजी सरकारने तलवार बाळगून फिरण्यास बंदी केली, आणि पिढ्यान्पिढ्या तलवारीला पाणी देणाऱ्या कारागिरांना घरगुती पात्यांकडे वळावे लागले. आज सेकीत यंत्रांवर मोठ्या प्रमाणात सुऱ्या तयार होतात. ‘शुन’ या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या सुऱ्यांची ‘काई’ ही कंपनी १९०८ साली याच गावात सुरू झाली.

ओसाकाच्या दक्षिणेस असलेले साकाई हे एके काळी श्रीमंत व्यापाऱ्यांचे बंदर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानमध्ये आली, आणि तिची पाने बारीक कापण्यासाठी लागणाऱ्या सुऱ्या साकाईत होऊ लागल्या. पुढे शोगुन राजवटीने त्या सुऱ्यांना गुणवत्तेची मोहोर दिली. साकाईची विशेषता श्रमविभागणीत आहे. पाते घडविणारा लोहार वेगळा, त्याला धार लावणारा वेगळा. मूठ बसवून, नाव कोरून माल विकणारी पेढी आणखी वेगळी. एका सुरीवर अशी तीन-चार घरांची जबाबदारी असते आणि प्रत्येक जण आधीच्याचे काम तपासूनच पुढे नेतो.

फुकुई प्रांतातील एचिझेन येथे हाताने घडविलेल्या पात्यांची जुनी परंपरा आहे. स्टेनलेस सुऱ्यांसाठी ख्याती पावलेले व्हीजी-१० हे पोलाद तेथीलच ताकेफू कंपनीचे. चौथे ठिकाण निगाता प्रांतातील त्सुबामे-सांजो. लोखंडी खिळे घडविण्यापासून या भागाच्या धातुकामाची सुरुवात झाली, पुढे काटे-चमचे आणि भांडी आली. मूठ आणि पाते दोन्ही धातूचे असलेली ‘ग्लोबल’ सुरी १९८५ साली येथूनच बाजारात आली.

ही गावे माहीत असली की दुकानातील बोलण्याचा अर्थ लावता येतो. परंतु गावाचे नाव ही गुणवत्तेची हमी नव्हे. एकाच गावात उत्तम आणि साधारण असा दोन्ही प्रकारचा माल होतो. पारख पोलादापासूनच सुरू करावी लागते.

स्टेनलेस म्हणजे काय?

१९१३ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळीची झीज कमी करण्यासाठी निरनिराळी पोलादे तयार करून पाहत होते. त्यांपैकी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद गंजत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. शेफिल्ड हे सुऱ्या-काट्यांचे गाव असल्याने या पोलादाचा उपयोग लवकरच पात्यांसाठी होऊ लागला. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि तो थर आतील लोहाचे रक्षण करतो. थर ओरखडला तरी हवा मिळताच पुन्हा तयार होतो.

येथे एक शंका अनेकांच्या मनात येते. घरातील स्टीलचे डबे वर्षानुवर्षे तसेच राहतात, मग त्याच जातीच्या सुरीवर डाग का पडावा? याचे उत्तर धातूच्या घडणीत आहे. चांगल्या प्रतीच्या भांड्यांत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. कर्ब मात्र नाममात्र असतो. असे स्टील गंजत नाही, पण तापवून पाणी दिले तरी कठीण होत नाही; म्हणून त्याला टिकाऊ धार येत नाही. धारेसाठी कर्ब हवा. व्हीजी-१० मध्ये सुमारे १ टक्का कर्ब आणि १५ टक्के क्रोमियम असते. या कर्बाचा काही क्रोमियमशी संयोग होऊन अतिशय कठीण कण बनतात. ते धारेला टिकाऊ करतात, परंतु तेवढे क्रोमियम संरक्षणाच्या कामातून कमी होते. म्हणजे धार आणि गंजरोध या दोन खात्यांत क्रोमियमची विभागणी होते; एका खात्यात जमा वाढली की दुसऱ्यात ती घटते. स्टेनलेस सुरी ही डाग कमी पडणारी सुरी आहे, डाग कधीच न पडणारी नव्हे, हे खरेदीपूर्वीच ध्यानात ठेवावे.

कठीणपणाचे गणित

पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापाने मोजतात. युरोपीय पद्धतीच्या बहुतेक घरगुती सुऱ्या ५५ ते ५७ अंकांच्या असतात. जपानमधील मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम नावाने विकल्या जाणाऱ्या किंवा एयूएस-८ पोलादाच्या सुऱ्या साधारण ५७ ते ५९ पर्यंत येतात. व्हीजी-१० आणि गिनसान ही पोलादे ६० ते ६१ च्या आसपास, तर धातूच्या भुकटीपासून बनविलेले एसजी-२ हे पोलाद ६२ ते ६४ पर्यंत जाते. आकड्यांतील फरक दिसायला थोडा असला तरी हाताला चांगलाच जाणवतो.

अंक जसा वाढतो, तशी धार अधिक पातळ करता येते आणि अधिक दिवस टिकते. युरोपीय सुरीची धार प्रत्येक बाजूला सुमारे २० अंशांत, तर जपानी सुरीची सुमारे १५ अंशांत घासलेली असते. म्हणून ती भाजीत दाब न देता उतरते. परंतु कठीण पोलाद ठिसूळही असते. मऊ पोलादाची धार कठीण वस्तूवर आपटली तर वाकते आणि पुन्हा सरळ करता येते. कठीण पोलादाच्या धारेचा टवका उडतो. तो भरून काढायचा तर त्या खोलीपर्यंत सारे पाते घासावे लागते. अधिक अंकाची सुरी सरसकट अधिक चांगली, असे समजून केलेली खरेदी येथेच फसते.

पोलादाचे नाव एकच असले तरी त्याला ताव आणि पाणी कसे दिले, यावर बरेच अवलंबून असते. ज्या निर्मात्याने पोलादाचे नाव आणि कठीणपणाचा अंक दोन्ही स्पष्ट दिले आहेत, त्याच्या मालाला प्राधान्य द्यावे. नुसते ‘जपानी पोलाद’ एवढेच लिहिलेल्या सुरीबाबत सावध राहावे. तेवढ्याने पोलाद कोणते हेही कळत नाही आणि सुरी जपानमध्ये तयार झाली असेही ठरत नाही.

कस आणि घडणावळ

अनेक जपानी सुऱ्यांच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते. दुकानदार तिला ‘दमास्कस’ म्हणतो आणि ३३, ३७, ६७ असे थर मोजून सांगतो. हे थर पात्याच्या दोन्ही अंगांना असतात. कापण्याचे काम करते ते मध्यभागी असलेले एकच पोलाद, जे फक्त धारेपाशी उघडे असते. बाहेरचे मऊ थर कठीण गाभ्याला आधार देतात, हे खरे. पण तो आधार साध्या, नक्षी नसलेल्या थरांनीही तितकाच मिळतो. सराफाच्या भाषेत सांगायचे तर गाभ्याचे पोलाद हा कस आणि नक्षी ही घडणावळ. घडणावळीला पैसे मोजू नयेत असे नाही. देखण्या वस्तूचा आनंद खराच असतो. मात्र आपण कशाचे किती मोजतो आहोत, हे समजून मोजावे. त्याच गाभ्याची साधी सुरी बहुधा बरीच स्वस्त मिळते आणि भाजी तशीच चिरते.

याच संदर्भात दुकानात एक प्रश्न आवर्जून विचारावा : गाभाही स्टेनलेस आहे का? काही सुऱ्यांत बाहेरचे थर स्टेनलेस असतात आणि आतील गाभा शिरोगामी किंवा आओगामी नावाच्या साध्या कर्बयुक्त पोलादाचा असतो. त्या सुऱ्या उत्कृष्ट असतात, पण लिंबू चिरून पाच-दहा मिनिटे तशाच ठेवल्या तरी धार काळवंडते. मुंबई-कोकणातील दमट, खाऱ्या हवेत त्यांची निगा रोजच्या धावपळीत होणे कठीण आहे.

शाकाहारी घराला कोणता आकार?

जपानमध्ये मासे पूर्वापार खाल्ले जात असले तरी चतुष्पाद प्राण्यांचे मांस अनेक शतके बहुतांशी वर्ज्य मानले जाई. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, त्यानंतर ते हळूहळू रूढ झाले. त्यामुळे तेथील घरगुती सुरी मूळची भाजीची. तिचे नाव ‘नाकिरी’. ‘ना’ म्हणजे भाजी आणि ‘किरी’ म्हणजे कापणे. चौकोनी, पातळ आणि जवळजवळ सरळ धारेचे हे पाते सुमारे १६५ मिलिमीटर लांब असते. सरळ धारेमुळे ती पाटावर पूर्ण टेकते आणि कोबीच्या, काकडीच्या फोडी अर्धवट चिकटून राहत नाहीत. रुंद पात्यावर चिरलेली भाजी उचलून कढईत टाकता येते.

विसाव्या शतकात नाकिरीची रुंदी आणि पाश्चात्त्य सुरीचे टोक यांच्या मेळातून ‘सांतोकु’ हा आकार रूढ झाला. १६५ ते १८० मिलिमीटरची सांतोकु भाजीबरोबर फळे, पनीर आणि ढोकळ्याच्या वड्या अशी सर्व कामे करते. घरात एकच मोठी सुरी ठेवायची असेल तर सांतोकु, आणि भाजी भरपूर चिरली जात असेल तर नाकिरी, असा सोपा निर्णय करता येतो. जोडीला फळे सोलण्यासाठी १२० ते १५० मिलिमीटरची लहान ‘पेटी’ पुरेशी होते.

सुऱ्यांचा मोठा संच घेण्याचा मोह टाळावा. त्यातील ‘देबा’ आणि ‘यानागिबा’ या मासळीच्या सुऱ्या आहेत, ‘ग्युतो’ या नावाचा शब्दशः अर्थच गोमांसाचे पाते असा आहे. शाकाहारी घरात अशा संचाचे निम्मे पैसे खणात पडून राहतात. ‘उसुबा’ ही व्यावसायिक आचाऱ्याची भाजीची सुरी दिसायला नाकिरीसारखीच, पण तिला धार एकाच बाजूने असते. ती चालविण्यास आणि घासण्यास वेगळा सराव लागतो, आणि डावखुऱ्या व्यक्तीला वेगळीच सुरी मागवावी लागते.

विळीवर हात बसलेल्या ज्येष्ठ गृहिणींना येथे थोडा वेळ द्यावा लागतो. विळीत पाते स्थिर आणि भाजी फिरते. सुरीत भाजी स्थिर आणि पाते फिरते. पाटावर भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत मुडपून, पेरांच्या आधाराने पाते सरकवण्याची सवय आधी करावी. गुडघ्यांमुळे खाली बसणे अवघड झालेल्यांना ओट्याशी उभे राहून चिरण्याची ही सोय मोलाची आहे.

दुकानात हातात घेतल्यावर

सुरी घेताना ती वापरणारी व्यक्ती बरोबर असावी. बरेचदा खरेदी एकाची आणि वापर दुसऱ्याचा असतो, आणि हाताच्या मापाला न बसणारी सुरी घरात रुळत नाही. मूठ आणि पाते जेथे जुळतात, तेथे अंगठा व तर्जनीची चिमूट धरून तोल पाहावा. पात्याची पाठ आणि मुठीजवळची कडा बोटाला रुतत नाही ना, हे तपासावे. सुरी डोळ्यांच्या रेषेत धरून, मुठीकडून टोकाकडे पाहिले असता पाते सरळ दिसले पाहिजे. धारेच्या लगेच वरचा भाग जितका पातळ, तितकी ती भाजीत सहज उतरते. जाड पाते भोपळा चिरत नाही, फोडते.

पारंपरिक जपानी मूठ हलक्या लाकडाची, अष्टकोनी किंवा एका बाजूस किंचित उंचवटा असलेली असते. असा उंचवटा बहुधा उजव्या हातासाठी असतो. ती हाताला सुखद वाटते, पण फार वेळ भिजू देऊ नये. पाश्चात्त्य पद्धतीची खिळे ठोकलेली मूठ पाण्याला अधिक तोंड देते.

जपानमध्येच खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. तेथे योग्य कारणाशिवाय ६ सेंटिमीटरहून लांब पाते जवळ बाळगणे कायद्याने निषिद्ध आहे. त्यामुळे टोकियोतील काप्पाबाशीसारख्या भांड्यांच्या बाजारात घेतलेली सुरी दुकानाच्या वेष्टनातच मुक्कामी न्यावी आणि विमानात हातातील पिशवीत न ठेवता सामानात द्यावी.

रोजचा वापर

सुरीची सर्वांत अधिक हानी भाजीने होत नाही. ती होते भाजीखालच्या पृष्ठभागाने. काच, संगमरवर, ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलची ताटली यांवर कठीण पोलादाची धार काही दिवसांतच जाते. लाकडाचा किंवा जाड, किंचित मऊ प्लॅस्टिकचा पाट वापरावा आणि तो सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. चिरलेली भाजी धारेने खरवडून गोळा करू नये. पाते उलटे करून पाठीने सरकवावी.

नारळ, सुपारी, गुळाची ढेप, गोठलेले पदार्थ आणि कोयीसकट कैरी ही या सुरीची कामे नाहीत. त्यांसाठी कोयता आणि अडकित्ता आहेतच. लाल भोपळ्याच्या कडक सालीत सुरी अडकली तर आडवी हलवून सोडवू नये. तशानेच टवका उडतो. सरळ मागे ओढून काढावी. डबा उघडणे, दोरी तोडणे, पाकीट फोडणे यांसाठी घरात एक जुनी सुरी किंवा कात्री वेगळी ठेवावी.

चांगल्या धारेचा लाभ ताटातही दिसतो. बोथट पाते पेशी चिरडते, धारदार पाते त्या कापते. चिरडलेल्या पेशींतील द्रव्यांचा हवेशी संयोग झाला की सफरचंद, वांगे, कच्चे केळे लवकर काळे पडतात. कोथिंबिरीचा रस पाटावरच राहतो. सुरक्षिततेचा विचारही याच बाजूचा आहे. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, आणि जोराने दाबलेली सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते ती बोटावर. मात्र बोथट सुरीची सवय असलेल्या हाताला नव्या धारेचा अंदाज यायला आठवडाभर लागतो. तोपर्यंत घाई करू नये, आणि हातातून निसटलेली सुरी झेलण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

धुणे, पुसणे, ठेवणे

काम संपताच सुरी हाताने धुवावी, लगेच पुसावी आणि जागेवर ठेवावी. निगेचा नव्वद टक्के भाग एवढाच. मीठ, लिंबू, चिंच, लोणचे यांचा अंश पात्यावर राहिला तर संरक्षक थराला बारीक छिद्रे पडतात आणि तेथून गंज सुरू होतो. खरकट्या भांड्यांच्या ढिगात सुरी टाकू नये. धारेला भांडी लागतात आणि भांडी घासणाऱ्या ताईंच्या बोटांना धार लागते. घरात मदतीस येणाऱ्या व्यक्तीला ही गोष्ट कारणासह समजावून सांगावी, अथवा सुरी धुण्याचे काम घरच्यांनी स्वतःकडे ठेवावे. भांडी धुण्याच्या यंत्रातही ती घालू नये. तेथील तीव्र क्षार, उष्णता आणि भांड्यांची आदळआपट तिला मानवत नाही.

जपानी भाषेत ‘मोराई-साबी’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ दुसऱ्याकडून मिळालेला गंज. लोखंडी तव्याला टेकून ठेवलेल्या किंवा लोखंडी तारेच्या घासणीने घासलेल्या सुरीवर लोहाचे कण चिकटतात. ते गंजतात आणि डाग सुरीवर उमटतो. मऊ घासणी वापरावी. हलका डाग खाण्याच्या सोड्याच्या ओल्या लेपाने निघतो.

ठेवण्यासाठी लाकडी खाचांचा ठोकळा, भिंतीवरील चुंबकीय पट्टी किंवा पात्यावरचे आवरण यांपैकी काहीही चालेल. पट्टीवर लावताना आणि काढताना आधी पाठ टेकवावी. आवरणात घालण्यापूर्वी सुरी पूर्ण कोरडी असावी. पावसाळ्यात हे विशेष पाळावे. लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशीच जागा निवडावी.

धार लावण्याचे काम

कितीही भारी पोलाद असले तरी धार कधीतरी जातेच. रोजच्या घरगुती वापरात दोन-तीन महिन्यांतून एकदा दगडावर घासणे पुरते. टोमॅटोची साल पाते टेकताच कापली गेली नाही, तर वेळ झाली असे समजावे. यासाठी पाण्यात भिजवून वापरायचा जपानी दगड मिळतो. त्याच्या खरबरीतपणाला क्रमांक असतात : टवका काढण्यासाठी ४००, नेहमीच्या धारेसाठी १०००, आणि गुळगुळीतपणासाठी ३००० ते ६०००. घराला १००० क्रमांकाचा एक दगड पुरेसा आहे.

दगड बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे भिजवावा; काही दगडांवर मात्र नुसते पाणी शिंपडायचे असते, ती सूचना वेष्टनावर पाहावी. दगडाखाली ओले फडके घालावे. पाते दगडावर सपाट ठेवून पाठ उचलावी. पात्याची रुंदी ४५ मिलिमीटर असेल तर १५ अंशांसाठी पाठ सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे साधारण करंगळीच्या जाडीएवढी, वर यावी. तो कोन कायम ठेवून पाते पुढेमागे सरकवावे. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूच्या धारेवर धातूची अतिसूक्ष्म खरखरीत कडा उमटते. पाठीकडून धारेकडे अलगद बोट फिरवल्यास ती जाणवते. संपूर्ण लांबीवर ती आली की बाजू बदलावी. शेवटी दाब अगदी कमी करून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके हात फिरवले की ती कडा निघून जाते. घासताना दगडावर जमणारा गाळ धुऊन टाकू नये. तोच धार लावण्यास मदत करतो. दगड मध्ये खोलगट झाला की त्याला सपाट करणाऱ्या खरबरीत दगडावर घासून घ्यावे.

दोन सोप्या वाटणाऱ्या मार्गांपासून दूर राहावे. खाचेतून ओढायच्या साधनात कोन ठरलेला असतो आणि ते कठीण धार ओरबाडते. फिरत्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात त्या उष्णतेच्या खुणा आहेत. पातळ धार तापली की तिला दिलेले पाणी उतरते. धार लावून देणाऱ्या कारागिराचे कौशल्य विळी आणि कोयत्यासाठी उपयोगी आहेच, परंतु १५ अंशांच्या पातळ पात्यासाठी ते साधन योग्य नव्हे. आचाऱ्यांकडे दिसणारी खाचांची पोलादी सळईही ६० अंकांच्या सुरीवर चालवू नये.

प्रत्येक घासणीत थोडे पोलाद कमी होते. हा सुरीचा घसारा. दगडावर तो अल्प असतो आणि नीट निगा राखलेली सुरी कित्येक वर्षे जाते. चाकावर तेच भांडवल झपाट्याने संपते. हिशेब करताना दगड आणि लाकडी पाट यांचा खर्च सुरीच्या किमतीतच धरावा. सर्व पैसे सुरीवर घालून दगड न घेणे म्हणजे दुकान थाटून खेळते भांडवल न ठेवण्यासारखे आहे.

आपल्या घराचा निर्णय

ज्या एकत्र कुटुंबात चार हात स्वयंपाक करतात, भांडी दुसरेच कोणी घासते आणि सुरी कोणाच्या हाती कशी पडेल याचा नेम नाही, तेथे ५६ ते ५८ अंकांची साधी मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमची सांतोकु उत्तम. ती थोडी लवकर बोथटते, पण चुका सहन करते आणि दगडावर लवकर धार घेते. जेथे एक-दोन काळजीवाहू हातच सुरी धरतात, तेथे ६० च्या आसपासची व्हीजी-१० किंवा गिनसानची नाकिरी अथवा सांतोकु समाधान देईल. ६२ च्या पुढील सुरी दगडावर हात बसलेल्यानेच घ्यावी. भेट द्यायची असल्यास सुरीबरोबर दगडही द्यावा आणि तो वापरून दाखवावा.

खरेदीची घाई नसलेल्यांसाठी एक मार्ग अधिक चांगला आहे. आधी १००० क्रमांकाचा एक दगड आणावा आणि खणातील जुन्या सुऱ्यांपैकी बरी एखादी निवडून तिच्यावर हात बसवावा. तिचे काही बिघडले तरी नुकसान फारसे नाही. तीन महिने धुणे, पुसणे आणि घासणे हा क्रम न चुकता चालला, तर ते घर जपानी सुरीसाठी तयार झाले असे समजावे. क्रम मोडला, तर मोठा खर्च वाचला. उरलेल्या निकामी सुऱ्या मात्र जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, वर तसे लिहूनच भंगारात द्याव्यात. त्या पिशवीत हात घालणाऱ्याला आत काय आहे, हे ठाऊक नसते.